ऑर्डर दिली, नंबर मिळाला, पण गाडी यादीतच नाही: एका पिकअपचं प्रकरण

आधी प्रकरण काय ते सांगतो, मग चिरफाड करू. मिशिगनमधल्या आमच्या मराठी मंडळात एक दादा आहेत, सगळे त्यांना दादाच म्हणतात, साठीच्या आसपासचे, हिशोबी माणूस. त्यांनी 2022 च्या पाडव्याला मुहूर्त साधून नवा पिकअप ऑर्डर केला. थ्री-क्वार्टर टन (नेहमीच्या हाफ-टन पिकअपपेक्षा एक वर्ग जड), डिझेल, क्रू कॅब (चार दारांची केबिन), फोर बाय फोर, डेट्रॉइटच्या तीन कंपन्यांपैकी एकीचा, कुठल्या ते सांगत नाही आणि त्याने काही अडतही नाही, कारण तिघींचं तंत्र थोड्याफार फरकाने सारखंच. सेल्समनने हात मिळवला, पाचशे डॉलर डिपॉझिट घेतलं, ऑर्डर नंबर छापलेला कागद दिला आणि म्हणाला तीन-चार महिने धरून चाला. मग गणपती झाले, दिवाळी झाली, संक्रांत झाली आणि स्टेटस होतं तिथेच. गाडी बनायला उशीर होत होता असंही नाही, ती बनायच्या यादीतच आलेली नव्हती.

दादांनी मला विचारलं कारण मी एका पार्ट सप्लायरकडे प्लॅनिंगमध्ये आहे. आमच्याकडे गाड्यांच्या कंपन्यांकडून दर आठवड्याला 830 नावाचा इलेक्ट्रॉनिक मेसेज येतो, म्हणजे पुढच्या काही आठवड्यांत अंदाजे किती पार्ट लागतील त्याचा आकडा, आणि मग 862 येतो, म्हणजे नक्की कुठल्या दिवशी किती पाठवायचे ते. त्यामुळे कारखान्याचं शेड्यूल आतून कसं हलतं ते मला रोज दिसतं, पण शोरूमच्या बाजूने काय गोंधळ असतो ते या प्रकरणातच नीट बघायला मिळालं.

एवढा मोठा ट्रक कशाला, हे वहिनींनी पण विचारलं होतं. रिटायर झाल्यावर फिरायला दोघांनी सेकंडहँड ट्रॅव्हल ट्रेलर घेतला, भरल्यावर नऊ हजार पाउंडांच्या आसपास जाणारा. कागदावर हाफ-टन ट्रकही एवढं ओढतो, पण ट्रेलरच्या वजनाचा दहा ते पंधरा टक्के भार हिचवर (ट्रकला ट्रेलर जोडतात तिथे) येतो, त्यात माणसं, सामान, कुत्रा, आणि दाराच्या चौकटीवरच्या पिवळ्या-पांढऱ्या स्टिकरवर लिहिलेला पेलोड, म्हणजे ट्रकने स्वतःवर वाहायचं वजन, तिथेच संपतो. म्हणून थ्री-क्वार्टर टन. हा हिशोब बरोबर होता, डीलरच्या लॉटवर, म्हणजे आवारात, उभा असलेला कुठलाही ट्रक उचलून चाललं नसतं, म्हणून फॅक्टरी ऑर्डर, इथपर्यंत सगळं ठीक.

घोडं अडलं ते रांगेच्या समजुतीत. आपल्या डोक्यात बुकिंग म्हणजे काय, तर ज्याने आधी पैसे भरले त्याचा नंबर आधी. त्याच वर्षी 30 जुलैला महिंद्राने स्कॉर्पिओ-एनचं बुकिंग उघडलं तेव्हा अर्ध्या तासाच्या आत एक लाख बुकिंग झाली, पहिल्या पंचवीस हजारांना सुरुवातीच्या किमतीत गाडी, आणि दादांचा पुण्याचा पुतण्या त्यात होता. तो व्हॉट्सअ‍ॅपवर आपला नंबर कितवा लागेल याचा अंदाज टाकत बसायचा आणि दादा इकडे वैतागायचे की तिकडे नंबर तरी आहे, मला कोणी नंबरच सांगत नाही. सांगणार कुठून, कारण तसा नंबर नसतोच.

अमेरिकेत या कंपन्या तुम्हाला गाडी विकत नाहीत, डीलरला विकतात. बहुतेक राज्यांत फ्रँचायझीचे कायदेच तसे आहेत. तुम्ही ऑर्डर देता म्हणजे डीलरच्या ऑर्डरीवर तुमचं नाव चिकटतं, एवढंच. आणि डीलरला महिन्याला किती गाड्या मागवता येतील हे कंपनी ठरवते, त्याला अ‍ॅलोकेशन म्हणतात, साध्या भाषेत कोटा. तो कसा ठरतो, तर टर्न अँड अर्न, म्हणजे आधीच्या गाड्या जितक्या भरभर विकल्या तितका पुढचा कोटा जास्त. त्यात पुन्हा मॉडेलनुसार वेगळा, आणि डिझेलसारख्या मागणीच्या इंजिनाला बऱ्याचदा अजून वेगळी कात्री. म्हणजे हे रेल्वेच्या वेटिंग लिस्टसारखं आहे बघा, गाडी तीच, तारीख तीच, पण मधल्या छोट्या स्टेशनाचा कोटा दोन बर्थचा आणि मुंबईचा शेकड्यात, तुमचं वेटिंग पाच असलं तरी ते कुठल्या कोट्यातलं पाच यावर सगळं.

दादांचा डीलर शेतांच्या मधल्या छोट्या गावातला. तिकडे का गेले, तर शहरातल्या मोठ्या डीलरने स्टिकरच्या, म्हणजे खिडकीवरच्या स्टिकरवर छापलेल्या किमतीच्या, वर पाच हजार मार्कअप सांगितला आणि या गाववाल्याने स्टिकरच्या खाली भाव दिला. 2022 मध्ये स्टिकरच्या खाली! तिथेच पाणी मुरत होतं असं मला वाटलं, पण माणूस खोटा नव्हता, त्याला खरंच त्या भावात द्यायची होती, फक्त द्यायला त्याच्याकडे कोटा नव्हता. ज्याच्याकडे माल नाही त्याला भाव कमी सांगायला काय जातंय.

आता स्टेटसकडे येतो, कारण सगळा घोळ त्या एका ओळीत होता. प्रत्येक कंपनीत ऑर्डरीच्या पायऱ्या असतात. जीएमकडे याला चक्क आकडे आहेत. 1100 च्या घरात म्हणजे डीलरने ऑर्डर सिस्टिममध्ये टाकली, बस. 2000 म्हणजे कंपनीने ती डीलरच्या कोट्यातून उचलली. 3000 ला प्रॉडक्शन कंट्रोलने घेतली, 3300 ला शेड्यूल झाली, 3800 म्हणजे बनली, 4200 म्हणजे निघाली, 5000 ला डीलरच्या दारात. फोर्डकडे ऑर्डर ऑर्डर बँकेत असते, तिला प्रायॉरिटी कोड असतो, आकडा जितका लहान तितकी आधी, आणि शेड्यूलिंग चालतं तेव्हा कोटा आहे का, पार्ट आहेत का बघून त्यातल्या उचलल्या जातात. शब्द वेगळे, पण मधली भिंत तीच: डीलरच्या कॉम्प्युटरमध्ये असणं आणि कंपनीने स्वीकारणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. ऑर्डर नंबर मात्र पहिल्याच पायरीला मिळतो, आणि माणूस तो कागद फ्रिजवर लावून निवांत होतो. दादांचा कागद खरोखर फ्रिजवर होता, मॅकिनॉच्या पुलाच्या मॅग्नेटखाली, आणि त्याच्यावर स्टेटसच्या रकान्यात जे लिहिलं होतं त्याचा अर्थ एवढाच होता की डीलरने टाईप केलं.

पण कोटा हे अर्धंच कारण. दुसरं अर्धं म्हणजे कन्स्ट्रेंट, म्हणजे एखाद्या ऑप्शनचे पार्ट कमी असतात तेव्हा कंपनी त्या ऑप्शनवर मर्यादा घालते, आणि तो ऑप्शन असलेली ऑर्डर कोटा असूनही उचलली जात नाही. कुठला पार्ट अडेल याला काही धरबंध नाही. 2011 मध्ये जपानच्या भूकंपानंतर फोर्डने डीलरांना टक्सिडो ब्लॅक रंगाच्या ऑर्डरी थांबवायला सांगितल्या होत्या आणि काही लाल रंगही आवरते घेतले होते, कारण त्या रंगांत चमक आणणारं झिरॅलिक नावाचं पिगमेंट फुकुशिमाजवळच्या ओनाहामामधल्या मर्क कंपनीच्या एका कारखान्यात बनायचं आणि तो बंद पडला. रंगातल्या चमकीपायी ट्रकच्या ऑर्डरी बंद! 2021 मध्ये चिपांच्या टंचाईत फोर्डचे अर्धवट बनलेले सुपर ड्यूटी (फोर्डचे जड पिकअप) हजारोंनी केंटकी स्पीडवेच्या मैदानात उभे होते, जीएमने त्या वर्षअखेरीस काही गाड्यांतून गरम होणाऱ्या सीटच काढून टाकल्या, आणि 2022 च्या सप्टेंबरात फोर्डने सांगितलं की पार्टअभावी चाळीस ते पंचेचाळीस हजार गाड्या अडकून पडतील, त्याच सुमारास बातम्या आल्या की निळा अंडाकृती बिल्लाही कमी पडतोय. दादांनी ऑर्डर दिली ती या सगळ्याच्या ऐन मध्ये.

आमच्या धंद्यातली एक गंमत सांगतो. कन्स्ट्रेंट ग्राहकाला कोणी सांगत नाही, सप्लायरला आधी कळतो, कारण 830 मधला आकडाच खाली येतो. डीलरला त्याची यादी येते पण ती सगळे सेल्समन वाचतातच असं नाही, ती ऑर्डरी टाकणाऱ्या माणसाच्या टेबलावर असते. सेल्समनला विचारून काही उपयोग नाही हे म्हणूनच. दादा दर पंधरवड्याला सेल्समनला फोन करायचे, तो गोड बोलून बोळवण करायचा, "एनी डे नाऊ", आणि ताकास तूर लागू द्यायचा नाही. त्याची तरी काय चूक, त्यालाही माहीत नव्हतं.

संक्रांतीनंतर मी दादांना म्हटलं आता तारीख विचारू नका. ऑर्डर मॅनेजरला गाठा आणि तीनच गोष्टी विचारा. या इंजिनात, या कॅबमध्ये तुम्हाला महिन्याला कोटा किती येतो. माझ्या आधी किती लोकांच्या ऑर्डरी आहेत. आणि माझ्या ऑर्डरीवर आत्ता कुठला कन्स्ट्रेंट लागलाय. फोन स्पीकरवर होता, मी शेजारी बसलो होतो. पलीकडे बाई होत्या, सरळ स्वभावाच्या, कीबोर्डची टकटक ऐकू आली आणि मग त्यांनी जे सांगितलं ते दादा कागदावर मराठीतच लिहून घेत होते. डिझेल क्रू कॅब महिन्याला नाही, दोन-तीन महिन्यांत एखादा येतो. दादांच्या आधी चार ऑर्डरी, त्यातल्या दोन गावच्या फायर डिपार्टमेंटच्या. आणि दादांनी घेतलेल्या कॅमेऱ्याच्या पॅकेजवर, ट्रेलर मागे घेताना दिसावं म्हणून घेतलेलं ते, उन्हाळ्यापासून मर्यादा आहे.

दादा गप्प. मग म्हणाले, "अरे म्हणजे पुढच्या पाडव्यालाही नाही?"

"दादा, या हिशोबाने त्याच्या पुढच्याही नाही."

आणि अजून एक गोष्ट त्याच फोनवर कळली. मधल्या काळात 2022 मॉडेलच्या ऑर्डरी घेणं बंद होऊन 2023 सुरू झालं होतं, आणि दादांची ऑर्डर नव्या मॉडेल इयरला वळवली गेली होती. किंमत वाढली होती, दोन हजारांच्या वर, शिवाय डेस्टिनेशन चार्ज, म्हणजे गाडी डीलरपर्यंत पोचवायचा आकार, वेगळा वाढला. जुन्या भावाचं संरक्षण कंपनीने स्वीकारलेल्या ऑर्डरींना होतं, यांची स्वीकारलीच नव्हती म्हटल्यावर वाटाण्याच्या अक्षता. स्टिकरच्या खाली जो भाव मिळाला होता तो टक्क्यात होता, त्यामुळे तो तसाच राहिला पण स्टिकरच वर गेला, म्हणजे हातात काय राहिलं ते तुम्हीच बघा.

पर्याय तीन होते आणि आम्ही दादांच्या डायनिंग टेबलवर बसून तिघांनी मिळून बघितले, वहिनींनी चहा ठेवला आणि सगळ्यात नीट प्रश्न त्यांनीच विचारले. पहिला, इथेच थांबायचं आणि कॅमेरा पॅकेज सोडायचं. पण त्याने कन्स्ट्रेंट गेला तरी कोटा राहतोच, दोन कुलपांतलं एकच उघडतं. दुसरा, लॉटवर जे मिळेल ते घ्यायचं. 2023 च्या सुरुवातीला लॉटवर माल पुन्हा दिसायला लागला होता हे खरं, पण हेवी ड्यूटी डिझेल जे होते ते सगळे वरच्या ट्रिमचे, म्हणजे महागड्या व्हेरिएंटचे, सनरूफ, मोठी चाकं, आणि त्या वजनाने पेलोड उलट कमी. ज्यासाठी ट्रक घ्यायचा तेच जातं. तिसरा, मोठ्या डीलरकडे नवी ऑर्डर टाकायची. लोकांना वाटतं ऑर्डर एका डीलरकडून दुसऱ्याकडे हलवता येते, तर तसं सहसा होत नाही, कोटा डीलरचा असतो म्हणून तिकडे पुन्हा नव्याने टाकावी लागते. मग आधीचे सगळे महिने पाण्यात का, असं वहिनी म्हणाल्या. तर ते महिने तसेही कुठल्या रांगेत मोजले जात नव्हते, सोडायचं दुःख करण्यासारखं त्यात काही नव्हतं. हे पटायला दादांना दोन दिवस लागले आणि मला त्यात नवल वाटत नाही, थांबलेल्या माणसाला आपण काहीतरी कमावलंय असं वाटत असतं.

तिसरा घेतला. जिथे मार्कअप सांगितला होता तिथे नाही, ओहायोच्या सीमेकडच्या एका मोठ्या डीलरकडे, फोनवर तेच तीन प्रश्न आधी विचारून. तिथल्या माणसाने न अडखळता आकडे सांगितले. भाव स्टिकरचा, खाली नाही, वरही नाही, आणि मार्कअप लागणार नाही हे दादांनी खरेदीच्या कागदावर लिहून सहीशिक्क्यानिशी घेतलं. कॅमेरा पॅकेज काढलं. रंग पांढरा ठेवला, वहिनींना लाल हवा होता, पण आता रिस्क नको म्हणाल्या (पिगमेंटची गोष्ट मी त्यांना सांगितली होती, ती जरा जास्तच लागू पडली).

पुढचं भराभर झालं. फेब्रुवारीत टाकलेली ऑर्डर त्या महिन्याच्या दुसऱ्या फेरीत कंपनीने उचलली, मार्चमध्ये प्रॉडक्शनचा आठवडा आला आणि त्याबरोबर व्हीआयएन, म्हणजे गाडीचा ओळख क्रमांक. सतरा अक्षरं. दादांनी मला फोटो पाठवला आणि मी आधी दहावं अक्षर बघितलं, पी होतं, म्हणजे 2023, अकरावं म्हणजे कुठला कारखाना. व्हीआयएन येणं ही खरी पायरी, त्याच्या आधीचं सगळं बोलाचालीचं. व्हीआयएन आला की खिडकीवरचा स्टिकर पण काही दिवसांत ऑनलाइन दिसतो, नव्या कारना तो 1958 च्या कायद्यापासून सक्तीचा आहे, आणि त्यावर आपण मागितलेलं सगळं आहे का ते ओळ न ओळ ताडून बघायची हीच वेळ.

तरी शेड्यूलचा आठवडा म्हणजे काळ्या दगडावरची रेघ नाही. दादांचा आठवडा एकदा पुढे ढकलला गेला आणि लगेच फोन, "परत तेच सुरू झालं." नाही, हे तेच नव्हतं. यादीत आलेली गाडी मागेपुढे होते ती लाइनवरच्या कारणाने, एखादा पार्ट उशिरा, एखादी शिफ्ट रद्द, सीट आणि वायरिंग हार्नेससारख्या गोष्टी तर गाड्यांच्या क्रमानेच कारखान्यात येतात, त्यात एक अडला की क्रम बदलतो. असा आठवडा-दोन आठवड्यांचा घसरा आम्ही सप्लायरकडे रोज बघतो, तो बरा होणारा आजार. यादीत न येणं हा वेगळा आजार आणि दोघांना लोक एकच नाव देतात, उशीर. अर्थात कधी कधी यादीतली गाडीही खरंच अडकते. त्याच वर्षी 15 सप्टेंबरला यूएडब्ल्यूचा, म्हणजे गाड्यांच्या कामगारांच्या युनियनचा, संप सुरू झाला, आधी वेन, टोलेडो आणि वेंट्झव्हिलचे कारखाने, आणि 11 ऑक्टोबरला लुईव्हिलचा केंटकी ट्रक प्लँट, जिथे सुपर ड्यूटी बनतात, अचानक बंद. ज्यांचे व्हीआयएन आले होते तेसुद्धा लटकले. दादांची गाडी तोवर घरी आली होती, पण ते पहिल्याच डीलरकडे थांबले असते आणि चुकून नंबर लागलाच असता तर तो याच तडाख्यात सापडला असता.

एप्रिलमध्ये गाडी बनली. मग रेल्वेची वाट, मग रेल्वे यार्डातून गाड्या वाहणाऱ्या ट्रेलरवर, इथे कोणाचं काही चालत नाही आणि कोणी काही विचारूही नये. मेमध्ये दादा चावी घेऊन आले.

पैशाचा हिशोब दादांनी स्वतः मांडला, वहीत, तो त्यांच्या परवानगीने. मॉडेल इयर बदलल्याने वाढलेली किंमत एक. स्टिकरखालचा भाव गेला तो दोन. आणि सगळ्यात मोठा फटका तिसराच, कर्जाचा. मार्च 2022 मध्ये फेडने, म्हणजे अमेरिकेच्या मध्यवर्ती बँकेने, व्याजदर शून्याच्या आसपासून वर न्यायला सुरुवात केली आणि मे 2023 पर्यंत तो पाचच्या वर गेला, गाडीचं कर्ज डिलिव्हरीच्या दिवशीच्या दराने मिळतं, ऑर्डरच्या दिवशीच्या नाही, प्री-अ‍ॅप्रूव्हल बहुतेक ठिकाणी महिनाभर टिकतं. दादांनी मग कर्ज कमी करून जास्त रोख घातली. वर जुनी एसयूव्ही द्यायची होती तिला 2022 च्या उन्हाळ्यात जो भाव सांगितला होता तो वर्षभराने कोणी देईना, सेकंडहँडचा बाजार उतरला होता. हे चारही आकडे एकत्र केले तर मोठ्या शहरातल्या त्या डीलरचा पाच हजारांचा मार्कअप फार वाईट नव्हता असं निघतं. दादांना ते मान्य नाही, मार्कअप म्हणजे लूट आणि ती तत्त्वाने द्यायची नाही असं त्यांचं म्हणणं. मी वाद घातला नाही, पण मला विचाराल तर वाट बघण्याचाही भाव असतो आणि तो कोणी स्टिकरवर छापत नाही.

कॅमेऱ्याचं काम त्यांनी नंतर बाहेरून करून घेतलं, ट्रेलरच्या मागे वायरलेस कॅमेरा आणि डॅशवर छोटा स्क्रीन, पॅकेजपेक्षा बराच स्वस्त. गाडीतल्या मोठ्या स्क्रीनवर दिसत नाही एवढंच.

पहिल्या डीलरकडची ऑर्डर रद्द केली, आणि ती रद्द झाल्याचं दादांनी लेखी मागितलं. सेल्समन म्हणाला त्याची काही गरज नाही. गरज होती, कारण ऑर्डर सिस्टिममध्ये तशीच पडून राहिली आणि उद्या कोट्यातून उचलली गेली तर गाडी डीलरच्या दारात येते, कागदावर नाव दादांचं, आणि डिपॉझिटवरून टोलवाटोलवी सुरू. दोनदा आठवण केल्यावर ऑर्डर मॅनेजर बाईंनीच ईमेल पाठवला, ऑर्डर नंबरासकट. पाचशेचा चेक त्याच्या पुढच्या आठवड्यात आला.